ओबरलिंडाखला स्पा नाही

"तुम्हा लोकांसाठी खाली सहा प्रकारचे सौना आहेत," लॅपटॉपच्या पडद्यावरून शीतल म्हणाला. "गरम पाण्याचा तलाव आहे, मसाज आहे. आम्ही सकाळी वर गेलो की तुम्ही दिवसभर आरामात खाली."

"तुम्ही लोक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हणजे आई, चंदना, तू. जे स्की करणार नाहीत ते."

"खाली ठेवायचं सामान."

"दादा, मी असं म्हटलं का?"

"म्हटलंस. फक्त शब्द वेगळे वापरलेस."

ऑक्टोबरातला रविवार होता, दुपारचे बारा वाजले होते. सांगलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लॅपटॉप, एका बाजूला आई मेथी निवडत बसलेली, आणि तिसऱ्या बाजूला चंदना सहामाहीचे पेपर तपासत होती. शीतल आमच्यातला धाकटा. चौदा वर्षं म्युनिकला होता. त्याची दोन्ही मुलं चालायला लागल्याबरोबर बर्फावर घसरायला शिकली होती. आईला पंच्याहत्तरावं लागणार म्हणून डिसेंबरातला एक आठवडा सगळ्यांनी आल्प्समध्ये काढायचा, हा बेत त्याचा. माझी बायको मुलीच्या बारावीमुळे येणार नव्हती. जागा निवडायचं काम मी मागून घेतलं होतं, कारण शीतलच्या निवडीवर माझा विश्वास नव्हता.

त्याने अकरा ठिकाणांची यादी पाठवली होती. तो म्हणाला होता, तिकडच्या वेबसाइटांवर आपल्यासारख्यांसाठी वेगळं सदरच असतं, मिक्स्ड अ‍ॅबिलिटी फॅमिली. म्हणजे घरातले काही जण तरबेज, काही नवशिके. आमच्या घरात त्याचा अर्थ याहून सरळ होता. चंदनाला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवायची, आणि विश्रामबागच्या चौकात वळण असं घ्यायची की बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं. मी गच्चीवरून रोज ओरडायचो, हळू. ती रोज हॉर्न वाजवायची.

अकरा ठिकाणांसाठी मी सोळा प्रश्न काढले होते. खोलीपासून जेवणाच्या दालनापर्यंत पायऱ्या किती. तलावात उतरायला उतार आहे की शिडी. कठडा एका बाजूला की दोन्ही. फरशी ओली झाली तर निसरडी होते का. सोळावा प्रश्न आईसाठी होता: डिसेंबरच्या शेवटी तुमच्याकडे सूर्य डोंगराआड किती वाजता जातो? आम्ही दिगंबर जैन; दिवस मावळला की आई पाणीही घेत नाही. हॉटेलवाल्यांचं रात्रीचं जेवण सातला. तेव्हा तिच्यासाठी उजेड असेपर्यंत काही गरम रांधून मिळेल का, हे ठरवायला सूर्याची वेळ हवी. मी रोज दुपारी ऑफिसला जायच्या आधी एकेका हॉटेलला फोन लावायचो. सोळावा प्रश्न पलीकडची माणसं परत विचारायला लावायची. एका बाईने विचारलं, आपण छायाचित्रकार आहात का?

"तुझं फाल्कनआल्म," मी कागद पुढे ओढून शीतलला म्हणालो. "हॉटेलपासून स्पापर्यंत चौतीस पायऱ्या. लिफ्ट नाही. दोन चाळीसला सूर्य गायब. आईने दुपारी अडीचला रात्रीचं जेवायचं का?"

"चौतीस पायऱ्या तुला कोणी सांगितल्या?"

"रिसेप्शनवालीने मोजून सांगितल्या. मी फोन धरून थांबलो होतो."

"दादा, तिथे हिमनदी आहे. बर्फाची खात्री आहे. मुलांना उताराचे अवघड रस्ते मिळतात. खाली कुठेतरी गेलो आणि बर्फच पडला नाही तर काय चिखलात स्की करायचं?"

"मुलं दर वर्षी जातात. या दोघी एकदाच येणार."

"मग काय, आम्ही पण तुमच्याबरोबर पाण्यात बसून राहायचं?"

"बसलास तर झिजणार नाहीस."

आई मेथीची जुडी सोडत म्हणाली, "भांडायचं असलं तर एकाने इकडे या नाहीतर दुसऱ्याने तिकडे जा. त्या यंत्रातनं भांडू नका, माझं डोकं उठतं."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मी सांगलीतल्या एका दैनिकात वृत्तसंपादक होतो. रविवारी सकाळच्या पाळीला प्राची नावाची नवी मुलगी होती. एका मुख्याध्यापकांनी शाळेची बाकं घरी नेल्याची बातमी तिने लिहिली होती.

"मुख्याध्यापकांना फोन केलास का?" मी विचारलं.

"सर, तीन शिक्षकांनी सांगितलंय. तिघांचं एकच म्हणणं आहे."

"तिघांनी त्यांच्याबद्दल सांगितलं. त्यांनी स्वतः काय सांगितलं?"

"ते उचलत नाहीयेत."

"मग घरी जा. ज्याच्याबद्दल छापायचं त्याला विचारल्याशिवाय ओळ छापायची नाही. तीन काय, तीनशे माणसं सांगू देत. बातमी थांबव."

मी फोन ठेवला. चंदनाने पेपरातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

"ओबरलिंडाखचं काय झालं?" तिने विचारलं.

"काय?"

"यादीत ओबरलिंडाख म्हणून एक गाव होतं. सातव्या क्रमांकावर."

"ते मी पहिल्याच फेरीत कापलं. तिथे स्पा नाही. गावात एक जुना पोहायचा तलाव आहे, तोही आठवड्यातून चार दिवस. तू दिवसभर करणार काय तिथे?"

"ते तर मला चंदनानेच..." शीतल म्हणायला लागला.

"शीतल, विषय बदलू नकोस. फाल्कनआल्म चालणार नाही."

"हं," चंदना म्हणाली आणि लाल पेन उचललं. त्या पेपरावर तिने शून्य काढलं. चांगलं मोठं होतं.

पुढचा अर्धा तास मी शीतलला सोडलं नाही. तो ज्या दिवशी विमानात बसला तिथपासून सुरुवात केली. कॅलिपर दर दोन वर्षांनी बदलायला मिरजेला कोण नेतं, गुडघ्याच्या इंजेक्शनांना आईबरोबर कोण बसतं, हे सगळं बाहेर काढलं. त्याच्या बायकोने मागून काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि त्याने हात वर केले.

"ठीक आहे. तू ठरव. मला नाव कळव."

मी बाड वाल्डेनस्टाइन ठरवलं. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तलावात उतरायला उतार, कठडे दोन्ही बाजूंनी, खोली ते जेवणाचं दालन शून्य पायऱ्या, सूर्य चार दहापर्यंत. अकरांपैकी सोळाही प्रश्नांना बरोबर उत्तर देणारं ते एकच होतं. तक्ता छापून मी आईच्या आणि चंदनाच्या हातात एकेक प्रत दिली. चंदनाने तिची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"वाच तरी," मी म्हणालो.

"वाचलं की. सगळं आहे यात."

डिसेंबरात पोचलो तर सगळं तक्त्यातल्यासारखं होतं. कठडे होते, उतार होता. स्वयंपाकघरातल्या जाड्या आचाऱ्याने आईसाठी पावणेचारला भात, वरण म्हणावं असं मसुराचं काहीतरी आणि उकडलेला कोबी द्यायचं कबूल केलं. कांदा, बटाटा नाही, हे त्याने खडूने फळ्यावर लिहून ठेवलं. मी मनात प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण करत फिरत होतो.

पहिल्या दुपारी आईला आणि चंदनाला घेऊन सौनाकडे गेलो. दारावर एक चित्र होतं. कपड्यांवर फुली. आई चष्मा सावरून ते चित्र बघत राहिली.

"आत कपडे घालायचे नाहीत?"

"आई, आपण चुकून बरोबर ठिकाणी आलोय," चंदना म्हणाली. "इथे दिगंबर असणं सक्तीचं आहे."

"तोंड आवर," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. पण खांदे हलत होते.

हा प्रश्न माझ्या सोळांत नव्हता. असो, तलाव तर होता. तलावात पोहायचा पोशाख चालायचा. पण पाण्यात जायचं तर कॅलिपर काढायचा, आणि कपडे बदलायच्या खोलीपासून उतारापर्यंत बावीस पावलं ओली फरशी. उताराचा कोन मी विचारला होता. तिथपर्यंत जायचं कसं, हे विचारलं नव्हतं. तिथल्या मुलीने हसून प्लॅस्टिकची एक चाकांची खुर्ची पुढे आणली. चंदनाने खुर्चीकडे पाहिलं, भोवती पाण्यातल्या माणसांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

"अगं, मी ढकलतो."

"दादा, नको म्हटलं ना."

त्यानंतरचे दोन दिवस ती खालच्या दालनात काचेच्या मोठ्या खिडकीपाशी बसून होती. समोर उतार दिसायचा. माणसं ठिपक्यांसारखी वरून निघायची आणि खाली येईपर्यंत माणसं व्हायची. मी तिला कॉफी आणून द्यायचो. पाठीला उशी आणून दिली. पाय ठेवायला स्टूल आणलं. ती थँक्यू म्हणायची, हे आमच्या घरात कोणी कोणाला म्हणत नाही. शीतल, त्याची बायको आणि मुलं सकाळी आठला बूट वाजवत निघून जायची. जाताना मुलं आत्याला हात करायची. दर वेळी माझ्या कपाळावरची शीर ताठ व्हायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला आईचं ताट आलं. आम्ही तिघं बसलो होतो. तेवढ्यात शीतल आला. गाल लाल, जाकिटाची चेन उघडी.

"मस्त झालं आज," तो खुर्ची ओढत म्हणाला. "तुम्ही काय केलंत?"

"आम्ही खिडकी बघितली," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"तीन दिवस तुझी बहीण खिडकीत बसलीय. एकदा तरी म्हणालास का, की आज मी खाली थांबतो? एक दिवस? तू, तुझी बायको, तुझी पोरं, वर जाता, खाली येता, आणि विचारता काय केलंत. ती कॅलिपर घालून एवढ्या लांब काय तुमच्या टोप्या बघायला आलीय? लाज वाटायला हवी."

शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं. आमची भाषा त्यांना कळत नव्हती, आवाज कळत होता.

"दादा, जागा तू निवडलीस," शीतल दबक्या आवाजात म्हणाला.

"तिच्यासाठी निवडली."

"मग ती खिडकीत का बसलीय?"

"कारण तू..."

"थांब," चंदना म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. वर्गात मागच्या बाकावर कोणी बोललं तर ती असाच वापरत असणार. "दादा, तू आता एक शब्द बोलायचा नाहीस."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. मला वाटलं माझा तक्ता. दुसराच निघाला. मेलची छापील प्रत होती, इंग्रजीत. तारीख ऑगस्टची. ओबरलिंडाखच्या स्की शाळेने लिहिलं होतं: आपली उंची, वजन आणि पायाची माहिती मिळाली. बसून करायच्या स्कीचं साहित्य आपल्या मापाचं आहे. सत्तावीस आणि अठ्ठावीस डिसेंबरला आपल्यासाठी प्रशिक्षक राखून ठेवत आहोत. खाली एक फोटो होता. बादलीसारखी खोल खुर्ची, खाली दोन पट्ट्या, खुर्चीत पट्ट्याने बांधलेली एक बाई. तिच्या मागे खुर्चीची दांडी धरून एक माणूस. दोघं उतारावर तिरके.

"ऑगस्टमध्ये?" मी म्हणालो.

"बोलू नकोस म्हटलं. शीतलच्या यादीत ते नाव मी घालायला लावलं होतं. का, ते त्यालाही सांगितलं नाही. म्हटलं, दादा विचारेल. तो सगळं विचारतो. अकरा हॉटेलांना सोळा प्रश्न विचारलेस. माझी उंची किती, पाय किती वाकतो, पायरी किती इंच चढते, हे परदेशातल्या रिसेप्शनवालीला सांगितलंस. त्या सगळ्या बायकांना माझा पाय पाठ आहे आता."

"मग त्या दिवशी बोलायचं नाही का?"

"बोलले. ओबरलिंडाखचं काय झालं, म्हणाले. तू म्हणालास, तिथे स्पा नाही, तू करणार काय. त्याला उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. तू शीतलकडे वळलास."

"मी तुझ्यासाठीच भांडत होतो, चंदना."

"तेच तर. चाळीस वर्षं तू माझ्यासाठी भांडतोयस. शाळेत, बसमध्ये, दवाखान्यात. माझ्यासाठी तू एवढ्या जोरात भांडतोस की त्यात माझा आवाज ऐकू येत नाही. मी पण मग सोडून दिलं. रागाने सोडलं. म्हटलं, बघू या, किती दिवसांत विचारतोय. इथे येऊन तीन दिवस झाले. कॉफी विचारलीस, उशी विचारलीस." ती कागदाची घडी घालायला लागली. घडी नीट बसेना. "त्या मुख्याध्यापकासाठी तू बातमी थांबवलीस, दादा. ज्याने बाकं चोरली, त्याला विचारायला पोरीला घरी पाठवलंस."

आईने भाताचा घास खाली ठेवला नाही. चार दहाला अजून वेळ होता, ती जेवत राहिली.

मी शीतलकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"आज किती तारीख?" त्याने विचारलं.

"सव्वीस," चंदना म्हणाली.

"रद्द केलंस का?"

"नाही. रद्द करायचा मेल रोज लिहिला, रोज पुसला."

"इथून किती लांब असेल?"

"गाडीने दोन तास. मी काढून ठेवलंय."

"मी पण येतो," मी म्हणालो.

"तू आईजवळ थांब," चंदना उठत म्हणाली. "इथला स्पा चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चंदना आणि शीतल गेले. मी आणि आई त्या खिडकीपाशी बसलो. मी वर्तमानपत्र मागवलं, जर्मन निघालं, तरी ते समोर धरून बसलो. मला राग आला होता. तिने सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी त्या शाळेला फोन केला असता, खुर्चीचे पट्टे किती रुंद, प्रशिक्षकाचा अनुभव किती, सगळं विचारलं असतं. हे मनात पूर्ण म्हणून झाल्यावर मला ते ऐकू आलं, आणि मग राग ठेवायला जागा उरली नाही. तरी तो जाईना.

"आई, तुला माहीत होतं?"

"नाही. तिचं मला कुठलं माहीत असायला." चष्मा पुसत ती म्हणाली, "मला पण कुणी विचारलं नाही."

"काय?"

"मला श्रवणबेळगोळला जायचं होतं. पंच्याहत्तरावं लागताना."

"तिथे सहाशेच्या वर पायऱ्या आहेत, आई."

"बघ," आई म्हणाली. "डोलीवाले असतात की."

पावणेचारला तिचं ताट आलं. चार दहाला सूर्य डोंगराआड गेला, मिनिटाचाही फरक पडला नाही. आई वेळेवर जेवून आचवून मोकळी झाली. तिने वाट पाहिली नाही. मी पाहिली.

पाचच्या सुमाराला गाडी आली. चंदनाचा चेहरा लाल झाला होता, फक्त गॉगलची जागा पांढरी. कॅलिपरच्या गुडघ्याच्या सांध्यात बर्फ अडकला होता, तो वितळून चकचकीत फरशीवर पाणी सांडत होतं. डाव्या हाताच्या कोपरावर जाकीट फाटलं होतं.

"पडलीस?" मी विचारलं.

"तीनदा."

"तो प्रशिक्षक काय करत होता?"

"तो पण पडत होता. त्याने दांडी धरलेली असते, मी गेले की तोही जातो." ती हसली, पण माझ्याकडे बघून नाही, शीतलकडे बघून. मग माझ्याकडे वळली. "उद्या परत जायचंय. तुला यायचं तर ये. पण वर यायचं नाही. खाली थांबायचं. आणि हळू म्हणायचं नाही."

अठ्ठावीस डिसेंबरला मी ओबरलिंडाखच्या उताराच्या पायथ्याशी उभा होतो. शीतल शेजारी होता. गावात खरंच काही नव्हतं. एक चर्च, एक बेकरी, लिफ्टच्या तारा. साडेअकराला वर लाल हेल्मेट दिसलं. आधी ते रुंद वळणं घेत सावकाश येत होतं. मग वळणं अरुंद झाली. विश्रामबागच्या चौकात ती जसं अंग टाकते तसंच टाकत होती. मागचा माणूस तिच्याबरोबर वाकत होता.

आमच्यापासून साठ-सत्तर फुटांवर खुर्ची आडवी झाली. बर्फ उडाला. दोघं एकमेकांत अडकून थोडं घसरत खाली आले आणि थांबले. माझा पाय पुढे पडला होता. शीतल हलला नव्हता. त्याने मला धरलंही नाही, नुसता माझ्या पायाकडे बघत राहिला. मी तो मागे घेतला.

तिला सरळ व्हायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. ही एक गोष्ट मी मोजली नाही. हात बर्फात रोवून तिने रेटा दिला, एकदा चुकला, परत दिला. मागच्या माणसाने दांडी उचलली. खुर्ची उभी राहिली आणि उरलेला उतार उतरून माझ्यापुढे येऊन थांबली. तिने गॉगल वर केला. नाकातून पाणी येत होतं, पापण्यांवर बर्फ होता.

"काय?" ती म्हणाली.

माझ्या तोंडात 'लागलं का?' होतं. 'बास झालं आता' होतं.

"परत वर जायचंय?" मी म्हणालो.

तिचा राग अजून गेलेला नव्हता, आणि तो जायला पुढे बरेच महिने लागले.

"सांगतोयस का विचारतोयस?"

"विचारतोय."

"मग हो," ती म्हणाली आणि गॉगल खाली ओढला.